गुरुत्वीय लहर प्रकाशावरून गेली की प्रकाशाचं नेमकं काय होतं?

गुरुत्वीय लहरींबद्दल (प्रचंड वस्तू एकमेकांभोवती फिरताना किंवा आदळताना जागेतच उठणाऱ्या लहरी) थोडंफार वाचलेल्या माणसाला एक शंका कधी ना कधी येतेच, आणि शंका अगदी रास्त आहे. लहर आली की जागाच ताणली जाते असं सगळीकडे लिहिलेलं असतं, आणि हा ताण लायगोसारख्या (लायगो म्हणजे अमेरिकेतली या लहरी पकडायची यंत्रणा) यंत्रात लेझरच्या प्रकाशाने मोजतात असंही लिहिलेलं असतं. पण जागा ताणली तर त्या जागेतून चाललेला प्रकाशही ताणला जाणार ना? मग ज्याने मोजायचं तेच ताणलं गेलं तर मोजणार काय कप्पाळ!

ही शंका इतक्या जणांना इतक्या वेळा आली की लायगोवर काम केलेल्या पीटर सॉल्सन यांनी १९९७ मध्ये निव्वळ ह्याच प्रश्नावर एक पेपर लिहिला. म्हणजे ही काही बावळट शंका नाही, उलट ज्याला ती आली नाही त्याने विषय नुसता वरवर वाचलाय असं मी म्हणेन.

थोडक्यात उत्तर द्यायचं तर दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे प्रकाश ताणला जातो हे खरंच आहे, पण आपण त्याची लांबी मोजतच नाही, आपण तो कधी पोचला ते मोजतो. आणि दुसरी, जी मला जास्त महत्त्वाची वाटते आणि जी सहसा कोणी सांगत नाही, ती अशी की प्रकाशाला वाटेत जे काही होतं ते बहुतेक वाटेतच फिटून जातं, आपल्या हातात उरतं ते फक्त दोन टोकांचं, म्हणजे प्रकाश निघाला तिथे लहर कशी होती आणि पोचला तिथे कशी होती एवढंच. हे कसं ते आता निवांत बघू.

आधी लहर काय करते ते. लहर समजा वरून खाली येतेय, तर ती वर-खाली काहीच करत नाही, जे काही करायचं ते आडव्या दिशेत करते. पूर्व-पश्चिम अंतर थोडं वाढतं आणि त्याच वेळी उत्तर-दक्षिण अंतर तेवढंच कमी होतं, मग अर्ध्या आवर्तनानंतर उलटं, आणि हे चालू राहतं लहर निघून जाईपर्यंत. (दुसरा एक प्रकार असतो ज्यात हेच ४५ अंशांनी फिरवलेलं असतं, पण त्याने आपल्या गोष्टीत फरक पडत नाही.) लहर ज्या दिशेने चाललीय त्या दिशेत ती ताणत नाही हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आणि हे सगळं किती बारीक असतं? १४ सप्टेंबर २०१५ ला पहिली लहर पकडली गेली. सूर्याच्या सुमारे ३६ पट आणि २९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली, ६२ पटीचं एक उरलं, आणि मधली ३ सूर्यांएवढी वस्तुमान-ऊर्जा लहरी बनून निघून गेली. हे झालं साधारण १.३ अब्ज प्रकाशवर्षांवर. तिथून इथे येईपर्यंत लहर एवढी क्षीण झालेली की अंतरात फरक पडला तो एकावर २१ शून्यं दिल्यावर जो आकडा येतो त्यात एक भाग. लायगोचा ४ किलोमीटरचा हात घेतला तर दोन हातांच्या लांबीतला फरक येतो प्रोटॉनच्या व्यासाच्या साधारण चारशेव्या भागाएवढा. बरं, लहर अंतराच्या प्रमाणातच कमी होत जाते, वर्गाच्या नाही, त्यामुळे उलटा हिशोब करता येतो: ती टक्कर आपल्यापासून सूर्याएवढ्या अंतरावर झाली असती तर काय झालं असतं? फरक आला असता सव्वा कोटीत एक भाग. म्हणजे ४ किलोमीटरला जेमतेम एक तृतीयांश मिलिमीटर! तीन सूर्यांची ऊर्जा दाराशी उधळली गेली तरी जागा एवढीच हलते, इतकी ती ताठ असते.

आता प्रकाशाकडे. पहिली गोष्ट, प्रकाशाचा वेग बदलत नाही. लहर चालू असताना कुठल्याही एका ठिकाणी उभं राहून शेजारून जाणाऱ्या प्रकाशाचा वेग मोजला तर तोच येणार, सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर. लहर प्रकाशाला ब्रेक लावत नाही की ढकलत नाही. बदलतं ते त्याला कापायचं अंतर, आणि त्यातून तीन-चार गोष्टी निघतात: तो पोचायची वेळ थोडी मागेपुढे होते, त्याची फ्रिक्वेन्सी म्हणजे रंग किंचित तांबडीकडे किंवा निळीकडे सरकतो, तो ज्या दिशेने आल्यासारखा दिसतो ती दिशा हलते, आणि काही खास परिस्थितीत त्याच्या पोलरायझेशनवर (म्हणजे प्रकाशलहर कुठल्या आडव्या दिशेत हेलकावते त्यावर) खूण राहते. पहिल्या दोन गोष्टी म्हणजे खरं तर एकच आहे, कारण शिखरं उशिरा उशिरा पोचायला लागली की त्यालाच आपण फ्रिक्वेन्सी कमी झाली म्हणतो.

आता लायगोची शंका. दोन हात एकमेकांना काटकोनात, प्रत्येक ४ किलोमीटर, एका लेझरचा प्रकाश दुभागून दोन्हीत सोडायचा, टोकाच्या आरशांवरून परत आणायचा आणि एकत्र करायचा. दोन्ही हातांतून येणारी शिखरं आणि दऱ्या एकमेकांना मारतील अशी जुळणी केलेली असते, म्हणजे बाहेरच्या डिटेक्टरला जवळपास अंधारच दिसतो. एका हातातला प्रकाश जरा उशिरा आला की जुळणी बिघडते आणि थोडा उजेड बाहेर पडतो.

लेझरची तरंगलांबी १०६४ नॅनोमीटर, म्हणजे एका हातात एका वेळी साधारण ३.७६ अब्ज शिखरं मावतात. आता कल्पना करा की लहर अचानक आली, एका झटक्यात हात ताणला गेला आणि तसाच ताणलेला राहिला. त्या क्षणी काय झालं? हात लांब झाला, हातातली प्रत्येक तरंगलांबीही त्याच प्रमाणात लांब झाली, शिखरं तेवढीच्या तेवढी, ३.७६ अब्ज. आरशाजवळ जे शिखर होतं ते आरशाजवळच. म्हणजे डिटेक्टरला काही दिसलं का? काहीच नाही. त्या एका क्षणापुरतं शंका काढणाऱ्याचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे.

पण प्रकाश थांबलेला नाही ना. समजा एका दारातून दर सेकंदाला एक माणूस पळत सुटतोय, सगळ्यांचा वेग एकच, आणि मधेच रस्ता लांबला. रस्त्यावर आधीच असलेल्यांमधलं अंतर वाढलं, मान्य, पण दारातून आता जे निघतायत ते अजूनही दर सेकंदाला एकच निघतायत, त्यांच्यातलं अंतर जुनंच आहे, आणि त्यांना कापायचा रस्ता मात्र आता लांब आहे. त्यांना पोचायला उशीर होणारच. लेझर म्हणजे ते दार. लेझरची फ्रिक्वेन्सी त्याच्या स्वतःच्या आतल्या यंत्रणेने ठरते, हातात जागा ताणली म्हणून तो काही हळू शिखरं सोडायला लागत नाही. म्हणजे लेझर इथे घड्याळाचं काम करतो, आणि घड्याळ ताणलं गेलेलं नाही.

आणि जुना, ताणलेला प्रकाश हातातून बाहेर पडायला किती वेळ लागतो? ४ किलोमीटर जायला १३ मायक्रोसेकंद, जाऊन यायला २७ च्या आसपास. लायगोला दिसणारी लहर साधारण १०० हर्ट्झची धरली तर तिचं एक आवर्तन १० मिलिसेकंदांचं, म्हणजे प्रकाशाच्या एका येण्याजाण्याच्या वेळेत लहर स्वतःच्या आवर्तनाचा फक्त ३७५ वा भाग पुढे सरकलेली असते. प्रकाशाच्या नजरेने बघितलं तर लहर जवळपास गोठलेली आहे, ताणलेला हात ताणलेलाच आहे आणि त्यातून ताजा प्रकाश सतत वाहतोय. प्रवासात असताना प्रकाश स्वतः जो काही ताणला जातो तो भाग एकूण परिणामाच्या एक-दोन टक्क्यांच्या घरातला, बाकी सगळा उशीर. प्रत्यक्षात आरशांची अशी रचना असते की प्रकाश हातात सुमारे ३०० खेपा मारतो, ४ किलोमीटरचे १२०० किलोमीटर होतात, तरी हा मुक्काम काही मिलिसेकंदांच्या आतच असतो.

इथे एक गंमत आहे. लहर जर खूप जलद असेल तर? समजा प्रकाश जाऊन परत येईपर्यंत लहरीचं बरोब्बर एक आवर्तन पूर्ण झालं. अर्ध्या वेळात हात लांब होता, अर्ध्या वेळात आखूड, प्रकाशाला एकदा उशीर एकदा घाई, हिशोब शून्य. लायगोच्या हातासाठी ही फ्रिक्वेन्सी येते ३७.५ किलोहर्ट्झ, आणि डोक्यावरून सरळ येणाऱ्या अशा लहरीला लायगो आंधळा आहे. म्हणजे हात लांब केला की सिग्नल वाढतो हे खरं, पण एका मर्यादेपर्यंतच, हाताची लांबी लहरीच्या लांबीच्या जवळ गेली की फायदा संपायला लागतो. याच कामासाठी अवकाशात जाणाऱ्या लिसा या यंत्रणेचे हात २५ लाख किलोमीटरचे असणार आहेत, प्रकाशाला एका बाजूला जायलाच ८ सेकंदांच्या वर लागतात. युरोपीय अवकाश संस्थेने जानेवारी २०२४ मध्ये या मोहिमेला अंतिम मंजुरी दिली. तिथे लायगोच्या लहरी दिसणारच नाहीत, प्रकाश अर्ध्या वाटेत असतानाच त्यांची कित्येक आवर्तनं होऊन जातील. लिसाला दिसतील त्या लहरींचं एकेक आवर्तन मिनिटांचं, तासांचं असेल.

जाता जाता एक सांगतो, कारण यावरून लोक भांडताना बघितलेत. कोणी म्हणतं आरसे हलतात, कोणी म्हणतं आरसे जागच्या जागी असतात आणि मधली जागा ताणते. दोन्ही बरोबर. अंतर मोजायची चौकट कशी निवडली त्यावर वर्णन ठरतं, एका चौकटीत लहर आरशांवर भरती-ओहोटीसारखं बल लावते आणि प्रकाशाला फारसं काही करत नाही, दुसरीत आरसे आपापल्या आकड्यांवर स्थिर आणि प्रकाशाला वेळ जास्त लागतो. डिटेक्टरवर पडणारा उजेड दोन्हीत तेवढाच येतो. मोजता येतं ते तेच, बाकी आपण डोक्यात काय चित्र काढतो ते आपलं आपलं.

आता खऱ्या मुद्द्याकडे, दोन टोकांच्या गोष्टीकडे. हे सगळ्यात स्वच्छ दिसतं ते अवकाशयानांच्या रेडिओ सिग्नलमध्ये (रेडिओ म्हणजे पण प्रकाशच, फक्त लांब तरंगलांबीचा). कॅसिनी यान शनीकडे जात असताना २००१-०२ च्या सुमारास त्याच्यावर असा प्रयोग केला गेला. पृथ्वीवरून अतिशय स्थिर फ्रिक्वेन्सीचा सिग्नल पाठवायचा, यानाने तो तसाच परत पाठवायचा, आणि परत आलेल्याची फ्रिक्वेन्सी किती सरकली ते बघत बसायचं, असं ४० दिवस. आता मधून एखादी गुरुत्वीय लहर छोट्या झटक्यासारखी गेली तर परत आलेल्या सिग्नलमध्ये काय दिसेल? १९७५ मध्ये एस्टाब्रुक आणि वॉलक्विस्ट यांनी हिशोब करून दाखवलं की तो एकच झटका तीनदा दिसेल. एकदा लहर पृथ्वीवरून गेली त्या क्षणी जो सिग्नल इथे पोचत होता त्याच्यात, एकदा लहर यानावरून गेली त्या क्षणी जो सिग्नल यानाकडून परतत होता त्याच्यात, आणि एकदा लहर पृथ्वीवरून जात असताना इथून जो सिग्नल निघाला होता तो जाऊन परत आल्यावर. बस. सिग्नल अब्जावधी किलोमीटरचा रस्ता कापून येतो, लहर त्या रस्त्याला कुठेतरी मधे पण ओलांडते, पण मधल्या ओलांडण्याची वेगळी खूण काही राहत नाही. आणि त्या तीन झटक्यांची चिन्हासकट बेरीज केली तर शून्य येते, लहर कुठल्याही दिशेने आलेली असो. कॅसिनीला लहर सापडली नाही, पण कुठे बघायचं आणि काय बघायचं हे एवढं नेमकं माहीत असणं हीच या पद्धतीची ताकद.

असं का होतं? लहर जागा ताणते आणि मग परत सोडते. प्रकाशाचं शिखर ताणलेल्या भागात शिरलं, त्याला उशीर झाला, पण त्याच्या मागचं शिखरही जवळपास तेवढ्याच ताणलेल्या भागातून आलं, त्यालाही जवळपास तेवढाच उशीर. फ्रिक्वेन्सी बदलायला दोन लागोपाठच्या शिखरांच्या उशिरात फरक पडायला लागतो. वाटेतल्या प्रत्येक तुकड्यातला तो फरक एकापुढे एक मांडून बेरीज केली की मधले सगळे एकमेकांना खाऊन टाकतात, आणि उरते ती फक्त शेवटची लहर वजा सुरुवातीची लहर, वर लहर आणि प्रकाश यांच्या दिशांमधल्या कोनानुसार एक गुणक. गणितात पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मला ते फारच सोयीचं वाटलं होतं, काहीतरी लपवलंय असं, पण खरंच तसंच आहे.

त्या कोनाच्या गुणकात वरचा मुद्दा येतो, की लहर स्वतःच्या दिशेत ताणत नाही. प्रकाश आणि लहर बरोब्बर एकाच दिशेने निघाले तर दोघांचा वेग एकच, त्यामुळे प्रकाश कायम लहरीच्या एकाच भागावर बसून राहतो, आणि ती लहर ताणतेय आडवं, ह्याच्या चालण्याच्या दिशेत नाही. परिणाम शून्य. अब्ज वर्षं बरोबर चालले तरी शून्य.

आता हाच नियम पल्सारला लावा आणि २०२३ ची बातमी कळते. पल्सार म्हणजे गरगर फिरणारे न्यूट्रॉन तारे (मोठे तारे मेल्यावर उरणारे अतिघट्ट गोळे), त्यातले काही सेकंदाला शेकडो फेऱ्या मारतात आणि प्रत्येक फेरीला रेडिओचा एक ठोका आपल्याकडे येतो, इतका नियमित की वर्षानुवर्षं पुढचा ठोका कधी येणार ते मायक्रोसेकंदाच्याही आत सांगता येतं. पल्सार हजारो प्रकाशवर्षांवर, आणि ज्या लहरी शोधायच्या त्यांचं एक आवर्तन वर्षांचं, लांबी प्रकाशवर्षांची. म्हणजे ठोका इथे येईपर्यंत लहरीची शेकडो-हजारो आवर्तनं ओलांडून येतो. पण उरणार काय? दोन टोकं. पल्सारपाशी ठोका निघाला तेव्हा तिथे लहर कशी होती तो एक भाग, आणि पृथ्वीपाशी पोचला तेव्हा इथे कशी होती तो दुसरा. पल्सारकडचा भाग प्रत्येक पल्सारचा वेगळा, त्याची काही सांगड लागत नाही, तो गोंगाटात जातो. पण पृथ्वीकडचा भाग सगळ्यांना सामायिक आहे! पृथ्वी एकच, तिच्यावरून जाणारी लहर तीच. म्हणून एका दिशेचे पल्सार एकदम थोडे उशिरा ठोके देतात असं वाटेल तेव्हा काटकोनाच्या आसपासचे थोडे लवकर, आणि पार विरुद्ध दिशेचे परत थोडेसे पहिल्यासारखे. दोन पल्सारमधला कोन आणि त्यांचे ठोके मागेपुढे होण्यातलं साम्य यांचा हा वक्र १९८३ मध्ये हेलिंग्ज आणि डाउन्स यांनी काढून ठेवला होता, आणि जून २०२३ च्या अखेरीस अमेरिका, युरोप, भारत, ऑस्ट्रेलिया, चीन इथल्या गटांनी एकाच वेळी सांगितलं की डेटात तो वक्र डोकं वर काढतोय. अमेरिकेच्या नॅनोग्रॅव गटाकडे १५ वर्षांचा डेटा होता, ६७ पल्सारचा. भारतातल्या गटाने जीएमआरटी दुर्बीण वापरली, तिचा उपयोग असा की कमी फ्रिक्वेन्सीवर वाटेतल्या इलेक्ट्रॉन वायूमुळे होणारा उशीर नीट मोजता येतो आणि तो वजा करता येतो. कारण तो उशीर, बघा, दोन टोकांचा नसतो, तो अख्ख्या वाटेचा असतो आणि साठत जातो, गुरुत्वीय लहरीच्या परिणामाहून कितीतरी मोठा.

उशीर किती? लहरीची ताकद (म्हणजे तिने अंतरात पडणारा फरक) १००० लाख कोटीत एक भाग, म्हणजे एकावर १५ शून्यं, आणि आवर्तन काही वर्षांचं, गुणाकार केला तर साधारण १०० नॅनोसेकंद. दशकभर मोजून तेवढं शोधायचं. लहरी बहुधा दीर्घिकांच्या केंद्रातल्या महाकाय कृष्णविवरांच्या जोड्यांच्या आहेत, सगळ्या एकत्र मिसळलेल्या, एक वेगळी अजून ओळखता आलेली नाही.

दिशेची गोष्ट पण अशीच आहे, आणि इथे मात्र बराच काळ गल्लत होती. सूर्याच्या कडेवरून जाणारा ताऱ्याचा प्रकाश १.७५ आर्कसेकंदांनी (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) वळतो, १९१९ च्या ग्रहणात ते बघितलं गेलं, आणि तो वळला की वळलाच, पुढे कोणी सरळ करत नाही. मग लहरींनी भरलेल्या विश्वातून अब्जावधी वर्षं येणारा प्रकाश प्रत्येक लहरीपाशी जरा इकडे जरा तिकडे होत होत येईल, आणि हे अंतराबरोबर साठत जाऊन लांबच्या दीर्घिका धूसर किंवा हलत्या दिसतील, असा अंदाज काहींनी १९६० च्या दशकापासून मांडला होता. वाटायला पटतं. पण नीट हिशोब केल्यावर साठत नाही असंच निघालं, तेच कारण, लहर आडवी ताणते आणि प्रकाशाच्याच वेगाने चालते, त्यामुळे मधलं सगळं कटतं. दिशा हलते ती लहरीच्या ताकदीएवढीच, आणि लांबच्या ताऱ्यांसाठी ती आपल्या टोकाच्या लहरीने हलते. तारा १०० प्रकाशवर्षांवर असो की क्वेसार (दूरच्या दीर्घिकेचं झगझगीत केंद्र) १० अब्जांवर, हलणं साधारण सारखंच.

म्हणून तारे लुकलुकतात ते हवेमुळेच. पल्सारच्या ठोक्यांत दिसलेल्या लहरींनी होणारा कोनातला बदल गाया दुर्बिणीच्या एका ताऱ्याच्या सगळ्यात चांगल्या मापाच्या साधारण लाखाव्या भागाएवढा आहे, तो एका ताऱ्यात दिसणं शक्यच नाही. पण आपल्या टोकाची लहर सगळ्या आकाशाला एकदम एका ठरावीक नक्षीत हलवते, आणि गायाने २०१३ पासून २०२५ च्या सुरुवातीपर्यंत दोनेक अब्ज तारे बघितलेत, तेव्हा एवढ्या ताऱ्यांची सरासरी काढून ती नक्षी शोधायचा प्रयत्न चालतो. अजून सापडलेली नाही, लहरी अमुक एवढ्यापेक्षा मोठ्या नाहीत एवढंच सांगता आलंय.

इथे कोणी विचारेल की विश्वाच्या प्रसरणानेही जागा ताणते, त्याने सगळ्यात जुना प्रकाश चांगला हजारपट ताणला गेलाय, मग ते का नाही फिटत? कारण प्रसरण एकाच दिशेने चालू आहे, ताणतंय आणि सोडत नाहीये. तिथेही खरं तर दोन टोकांचाच हिशोब आहे, प्रकाश निघाला तेव्हा विश्व किती मोठं होतं आणि पोचला तेव्हा किती, फक्त ती दोन टोकं हजारपटीने वेगळी आहेत. लहरीची दोन टोकं कायम जवळपास सारखी.

आता या नियमातून थोडी बाजूला पडणारी एक गोष्ट, पोलरायझेशन. विश्व सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांचं असताना प्रकाश इलेक्ट्रॉनांवर आपटत होता आणि मग मोकळा सुटला, तोच आज पार्श्वभूमीचं मायक्रोवेव्ह प्रारण म्हणून दिसतो. त्या वेळी जर सुरुवातीच्या विश्वातल्या गुरुत्वीय लहरी चालू असतील तर एका आडव्या दिशेने इलेक्ट्रॉनवर येणारा प्रकाश किंचित तांबडा असणार आणि तिच्या काटकोनातल्या दिशेने येणारा किंचित निळा, आणि अशा असमान प्रकाशाला इलेक्ट्रॉनने उडवलं की उडालेला प्रकाश पोलराइज होतो. आकाशभर याची एक पीळ असलेली नक्षी तयार होते. मार्च २०१४ मध्ये दक्षिण ध्रुवावरच्या बायसेप-२ दुर्बिणीच्या गटाने ही नक्षी सापडली म्हणून जाहीर केलं, जगभर गाजावाजा झाला, आणि वर्षाच्या आत प्लँक उपग्रहाच्या डेटाबरोबर ताडून बघितल्यावर लक्षात आलं की दिसलं ते आपल्याच आकाशगंगेतल्या धुळीने केलेलं असू शकतं. त्यानंतर मोजमापं खूप सुधारली, नक्षी अजून नाही. इथे लहरीचा ठसा टिकतो कारण इलेक्ट्रॉनने प्रकाश मधेच अडवून त्या क्षणाची असमानता त्याच्यात कायमची कोंबली, वाटेत फिटायला सवडच दिली नाही.

अजून एक कोपरा आहे, रशियन शास्त्रज्ञ गेर्त्सेनश्टाइन यांनी १९६२ मध्ये दाखवलेला: प्रबळ चुंबकीय क्षेत्रात प्रकाशाचा अगदी थोडा भाग त्याच फ्रिक्वेन्सीच्या गुरुत्वीय लहरीत बदलू शकतो, आणि उलटंही. परिणाम अतिसूक्ष्म, मोजला कोणी नाही, पण खूप जास्त फ्रिक्वेन्सीच्या लहरी शोधायच्या ज्या कल्पना मांडल्या जातात त्यातल्या बऱ्याच ह्यावर उभ्या आहेत.

आणि शेवटी एक प्रश्न जो १७ ऑगस्ट २०१७ नंतर खूप विचारला गेला. त्या दिवशी १३ कोटी प्रकाशवर्षांवरच्या दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीची लहर आली, सुमारे १०० सेकंद डिटेक्टरमध्ये दिसत राहिली, आणि ती संपल्यावर १.७ सेकंदांनी त्याच टकरीचे गामा किरण आले. मग त्या लहरीने त्या गामा किरणांवर, आणि पुढे तासांनी दिसलेल्या नेहमीच्या प्रकाशावर, काही परिणाम केला का? केला नाही. लहर आधी निघाली, प्रकाश मागून, वेग दोघांचा एकच (ह्याच घटनेने तो एकावर १५ शून्यांत काही भागांइतका जुळतो हे दाखवलं), त्यामुळे मागच्याने पुढच्याला गाठायचा प्रश्नच नाही, आणि गाठलं असतं तरी दिशा एकच असल्यामुळे परिणाम शून्यच झाला असता. आपल्या आकाशगंगेच्या गुरुत्वाकर्षणाने मात्र त्या दोघांनाही वाटेत उशीर केला, आणि तो दोघांना सारखाच झाला.